फेफऱ्याचं निमित्त

शर्यतीतून उतरलेल्या कुत्र्याला फेफरं येऊ लागलं की एक ठरलेला निकाल कानावर येतो : ‘आता याचा काय उपयोग? पिसाळायच्या आत लांब सोडून या, नाहीतर संपवा.’ पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावसारख्या गावात असा निकाल देणारा माणूस दुष्टच असतो असं नाही. आपण चार शहाणपणाचे शब्द सांगतोय, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचं हे गाव. जवळच कानिफनाथांची मढी, जिथे यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. दात बघून, पाय बघून, चार पावलं चालवून जनावराची किंमत करायची विद्या इथल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. नेवासा तालुक्यात घोडेगावच्या बाजारात गाय घेतानाही तीच नजर चालते. खोड दिसली की भाव पडतो, आणि लपवलेली खोड मागाहून उघडी पडली की सौदा फिसकटतो. बाजारापुरता हा हिशेब रास्त आहे. पण लांब पायांच्या, खोल छातीच्या, मुठीत मावेल अशा कमरेच्या ग्रेहाउंडला तो लावला की फेफरं ही खोड ठरते आणि कुत्रा मोडीत निघतो. मला या हिशेबातलं पहिलंच कलम मान्य नाही. कुत्र्याची किंमत फेफऱ्यानं शून्य होत नाही. तो हरायला लागला त्या दिवशीच ती शून्य झालेली असते. फेफरं मागाहून येतं आणि मालकाला निमित्त पुरवतं.

हे पडताळायचं तर जिथे या शर्यतींचा रीतसर धंदा आहे आणि कागद ठेवले जातात, तिकडे बघावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात निवृत्त न्यायमूर्ती मायकल मॅकह्यू यांच्या चौकशी आयोगानं २०१६ साली अहवाल दिला. त्याच्या अंदाजाप्रमाणे आधीच्या बारा वर्षांत ४८,८९१ ते ६८,४४८ ग्रेहाउंड केवळ शर्यतीच्या कामाचे नाहीत म्हणून मारले गेले होते. त्यांना फेफरं येत नव्हतं. ते आजारीही नव्हते, फक्त पुरेसे जोरात धावत नव्हते. मकाऊची शर्यतीची धावपट्टी २०१८ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा पाचशेच्या वर कुत्रे मागे राहिले आणि त्यांना घरं कोण देणार हा प्रश्न सरकारच्या दारात येऊन पडला. फ्लोरिडातल्या मतदारांनी त्याच साली कौल दिला आणि २०२० अखेर तिथल्या शर्यती थांबल्या. आपल्याकडे पंजाबात किला रायपूरच्या ग्रामीण खेळांत ग्रेहाउंड धावत आले. महाराष्ट्रात जत्रा-उरुसांच्या निमित्तानं, विशेषतः पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत, कुत्रे पळवले जातात. त्यांत अस्सल ग्रेहाउंड असतात, कारवानी असतात आणि दोघांचे संकरही असतात. फरक इतकाच की आपल्याकडे कुत्रा कोणाचा, किती वेळा पळाला, पुढे त्याचं काय झालं, याची नोंदवहीच नाही. जिथे नोंद आहे तिथे धडधाकट जनावराची ही गत होते. तर जिथे नोंदच नाही तिथे फेफरं येणाऱ्या कुत्र्याबद्दल ‘आजारामुळे सोडावा लागला’ हे वाक्य कोणी तपासायचं?

आता आजाराकडे. फेफरं, मिरगी, आकडी, फिट. शब्द कुठलाही घ्या, घडतं ते एकच. मेंदूतल्या पेशींचा एखादा जथा अचानक, एकदम, ताळतंत्र सोडून संदेश फेकू लागतो. कुत्रा आडवा पडतो, पाय ताठ होतात, मग पोहल्यासारखे हलतात, तोंडाला फेस येतो, लघवी सुटते. बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत हे थांबतं. नंतर काही मिनिटं, कधी काही तास, कुत्रा गोंधळलेला असतो : भिंतीला धडकतो, एकाच जागी गोल फिरतो, तात्पुरतं दिसेनासंही होतं, भूक मात्र अधाशासारखी लागते. मग तो पूर्ववत होतो. ज्या फेफऱ्याचं वेगळं कारण सापडत नाही आणि आनुवंशिक कल मानला जातो, ते बहुतेकदा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतं. म्हणजे शर्यतीची उमेदीची वर्षं आणि निवृत्तीनंतरची पहिली एक-दोन वर्षं. एकूण कुत्र्यांत शंभरांत एकाहूनही कमी जणांना ते असतं. पण प्रत्येक झटका म्हणजे हा आजार नव्हे. कांद्या-कपाशीवर मारायचं कीटकनाशक, उंदरांचं औषध, डिस्टेंपर, रक्तातली साखर उतरणं, अशी दहा कारणं आधी बाजूला सारावी लागतात. गोचिडांवरच्या काही नव्या गोळ्यांनी झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली दिला होता. गोचीड झाले म्हणून हौसेनं दिलेली गोळी विसरायची आणि ‘बाहेरचं काही लागलं’ म्हणत बसायचं, हा आपल्याकडचा खास प्रकार. चप्पल नाहीतर कांदा हुंगवण्याबद्दल काय बोलावं? मिनिटभरात थांबणारं फेफरं चपलेनंही थांबतं आणि चपलेवाचूनही; श्रेय तेवढं चपलेला जातं.

यावर पहिला आणि सगळ्यांत जड आक्षेप पिसाळण्याचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रेबीज झालेल्या कुत्र्यालाही झटके येतात, लाळ गळते, आणि पहिल्या पाच मिनिटांत दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याची खात्री कोणी देऊ नये. पण फरक नंतर कळतो, आणि तो लख्ख असतो. फेफऱ्याचा कुत्रा उठतो, पाणी पितो, दुसऱ्या दिवशी शेपूट हलवतो आणि महिनाभरानंही तसाच असतो. रेबीजचा कुत्रा सुधारत नाही. लक्षणं दिसू लागल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत तो मरतो. म्हणून शास्त्र दहा दिवस वेगळं ठेवून नजर ठेवायला सांगतं, आणि २०२३ चे भटक्या कुत्र्यांबाबतचे केंद्राचे नियमसुद्धा रेबीजची शक्यता असलेल्या कुत्र्याला वेगळं ठेवायला सांगतात, काठ्या घेऊन मागे लागायला नव्हे. दर वर्षी लस टोचलेल्या आणि कार्ड जपून ठेवलेल्या कुत्र्याबद्दल ही भीती बरीचशी विरून जाते. लस दिलेली नसेल तर तो मालकाचा दोष, कुत्र्याच्या मेंदूचा नाही. फेफरं चालू असताना तोंडात हात घालायचा नाही. जीभ गिळली जाते ही समजूत खोटी आहे, आणि भान नसलेल्या जबड्याला धन्याचं बोट कळत नाही. तरीही चावा बसलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि सरळ दवाखान्यात लसीसाठी जायचं. कुत्रा चावल्यावर औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हेही या पंचक्रोशीत पुन्हा सांगितलेलं बरं.

दुसरा आक्षेप : ‘असा आजार खेड्यात सांभाळता येत नाही, ती शहरातल्या पैसेवाल्यांची चैन.’ इथे औषधाचा इतिहासच उत्तर देतो. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर फेफऱ्याच्या रुग्णांच्या वॉर्डाजवळच राहायचा. रात्री त्यांच्या झटक्यांनी झोप मोडायची, म्हणून त्यानं त्यांना झोपेचं एक नवं औषध दिलं, आणि पाहतो तो त्यांचे दिवसाचे झटकेही कमी झाले. ते फेनोबार्बिटोन. शंभराहून अधिक वर्षं जुनं हे औषध आजही कुत्र्यांच्या फेफऱ्यावरचं पहिलं औषध आहे, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. ते पशुवैद्याच्या चिठ्ठीवर माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळतं आणि फेफऱ्यावरच्या स्वस्तातल्या स्वस्त औषधांत मोडतं. खर्च गोळीचा फारसा नाही, नेमाचा आहे. बारा-बारा तासांच्या अंतरानं दिवसातून दोनदा, रोज, चुकवायची नाही. सुरुवातीला कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, पाणी खूप पितो, खा-खा करतो. दोनेक आठवड्यांत अंगवळणी पडतं. रक्तातलं प्रमाण आणि यकृत अधूनमधून तपासावं लागतं, त्यासाठी नगरची फेरी होते. बहुसंख्य कुत्र्यांचे झटके यानं लक्षणीय कमी होतात. ज्यांचे होत नाहीत त्यांना जोडीला पोटॅशियम ब्रोमाइड देतात, आणि तिथे एक घरगुती अट येते : जेवणातलं मीठ रोज सारखं हवं. आज अळणी भाकरी आणि उद्या खारट कालवण नाहीतर सुके बोंबील असं झालं की मिठाबरोबर ब्रोमाइड लघवीवाटे निघून जातं आणि फेफरं परततं.

ग्रेहाउंडबद्दल दोन गोष्टी जास्तीच्या. त्याच्या अंगात चरबी नावापुरती, स्नायू भरपूर, आणि यकृतातली औषधं पचवणारी काही विकरं इतर कुत्र्यांच्या मानानं मंद. थायोपेंटोनसारख्या भुलीतून तो उशिरा जागा होतो. थायरॉइडचं प्रमाण या जातीत मुळातच कमी असतं, आणि फेनोबार्बिटोननंही ते कमी दिसतं. म्हणून रक्ताचा कागद बघून घाईनं थायरॉइडच्या गोळ्या सुरू करणारा डॉक्टर चुकतो. ‘हा ग्रेहाउंड आहे’ एवढं दवाखान्यात आधी सांगायला पैसे पडत नाहीत. दुसरं उष्णतेचं. झटक्यात एवढे मोठे स्नायू एकसारखे आवळले की अंग भट्टीसारखं तापतं, आणि चैत्र-वैशाखात या पट्ट्यात ते आणखी धोक्याचं. पाच मिनिटं उलटूनही झटका थांबला नाही, किंवा एका दिवसात दोन-तीन लागोपाठ आले, तर ती दवाखाना गाठायची वेळ. तोवर सावली, ओलं गोणपाट, डोक्याखाली काहीतरी मऊ आणि भोवतीची माणसं लांब. बाकी घरात जे बदलावं लागतं ते वस्तीवरच्या माणसाला सांगायलाच नको : बिनकठड्याची विहीर आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. धडधाकट कुत्र्यालाही शेततळ्याच्या निसरड्या काठावरून वर येता येत नाही. झटक्यात आत गेला तर संपलं. हा कुत्रा मोकळा सोडायचा नाही, आणि ससा किंवा कोंबडी दिसली की त्याचं काय होतं हे माहीत असणाऱ्यानं तो तसाही मोकळा सोडला नसता.

तरी एक हरकत खरोखर टोचते, आणि ती सुखवस्तू प्राणिप्रेमींना सुचतही नाही. पाथर्डी, शेवगाव आणि लागून बीडचे तालुके हा ऊसतोडीचा मुलूख. दसरा-दिवाळीनंतर घरातली हाती-पायी धड माणसं कोयते घेऊन कारखान्यांकडे जातात, पार वसंत सरेपर्यंत परतत नाहीत. मागे म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. रात्री आठची आणि सकाळी आठची गोळी कोण देणार? ज्या घरात आजीच्या रक्तदाबाची गोळी चुकते तिथे कुत्र्याची पाळली जाईल कशावरून? हा प्रश्न मी गोड बोलून उडवणार नाही. अशा घरानं शर्यतीचा कुत्रा घेऊच नये, हे माझं सरळ उत्तर. पण हे उत्तर कुत्रा घेण्याआधीचं आहे, फेफरं आल्यानंतरचं नाही. ज्यानं घेतला, पळवला, पैजा लावल्या, त्यानं सहा महिन्यांसाठी शेजाऱ्याला गोळ्या आणि वेळ समजावून सांगणं, नाहीतर आधीच सांभाळणारं दुसरं घर शोधून आजार न लपवता कुत्रा तिथे देणं, एवढं त्याच्या हातात असतं. सोडून देणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. रोजची गोळी अचानक तुटली की थांबलेले झटके दुप्पट जोरानं आणि लागोपाठ येतात. म्हणजे करंजी घाटात गाडीतून उतरवलेला फेफऱ्याचा कुत्रा भुकेनं नंतर मरतो, त्याआधी झटक्यांनी तडफडतो, आणि ते बघणारी माणसं ‘पिसाळलं, पिसाळलं’ म्हणून दगड उचलतात. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या गावोगावच्या कथांतल्या काही कथांचा उगम असा असणार, याबद्दल मला शंका नाही.

मग म्हणतात, ‘असं जगवण्यापेक्षा सुटका केलेली बरी, ही दया आहे.’ दया शब्द फार स्वस्त झालाय. दोन झटक्यांच्या मध्ये हा कुत्रा जेवतो, झोपतो, ऊन धरतो, दारात बसून रस्ता बघतो. झटक्याच्या वेळी त्याला भान नसतं. महिन्यातून दोन मिनिटांचा त्रास असलेल्या जिवाचं उरलेलं सगळं आयुष्य कोणत्या हिशेबानं दुःखाचं ठरवायचं? औषधाला दाद न देणारी कुत्री असतात, साधारण तिसरा-चौथा हिस्सा. त्यांतल्या काहींचे झटके थांबतच नाहीत, मेंदू थकत जातो. तेव्हा पशुवैद्यानं भूल देऊन आयुष्य संपवणं मला मान्य आहे, आणि १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही असह्य यातनेतल्या जनावराबाबत ती वाट ठेवतो. पण तो निर्णय औषधं करून पाहिल्यानंतरचा, डॉक्टरच्या हातचा. पहिल्या झटक्यानंतर दोरी आणि काठी शोधणाऱ्यानं हा युक्तिवाद वापरू नये. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ कोणत्याही जनावराला खोडसाळपणे मारणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं, हे गावच्या पुढाऱ्यांनाही ठाऊक असावं.

‘आधी माणसांचं बघा’ हा शेवटचा हुकमी पत्ता. बघूच. फेफरं असलेल्या माणसाला आपण किती बरं वागवलं? हिंदू विवाह कायद्याच्या १९५५ च्या मजकुरात पुढे जी दुरुस्ती झाली तिच्यात फेफरं हे विवाहाला बाधा म्हणून वेडाच्या ओळीतच बसवलेलं होतं. ते शब्द संसदेनं काढले १९९९ साली. तोवर लग्न जमवताना हा आजार लपवला जायचा, आजही लपवला जातो, आणि लपवल्यामुळे गोळी चुकते. माणसाच्या फेफऱ्याला करणी म्हणणारं आणि कुत्र्याच्या फेफऱ्याला पिसाळणं म्हणणारं डोकं एकच आहे. अंगणातल्या कुत्र्याला वेळेवर गोळी देणारं घर शाळेत फिट आलेल्या पोरीभोवती गर्दी न करता तिला कुशीवर वळवेल, घड्याळात मिनिटं बघेल; निदान तिच्या नाकाशी चप्पल धरणार नाही. धर्मराजाच्या कुत्र्याचा दाखला इथे मी मुद्दाम देत नाही. तो ऐकून हात जोडणारे बाहेर येऊन कुत्र्याला लाथ मारतात.

आता ज्यांनी शर्यती लावल्या त्यांच्याकडे वळू, कारण एकट्या मालकाला धारेवर धरणं सोपं आहे. बैलगाडा शर्यतीचा वाद आठवा. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी बंदी घातली, महाराष्ट्रानं २०१७ साली १९६० च्या त्याच कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती ग्राह्य धरली. या नऊ वर्षांत शौकिनांचा सगळ्यांत बळकट मुद्दा होता की शर्यत आहे म्हणून खिल्लार जात टिकली, शर्यत आहे म्हणून शेतकरी बैलाला खुराक घालतो. ठीक. मग शर्यत संपल्यावरचा बैल कोणाचा? परवानगीच्या अटी धावपट्टी मोजतात, त्या दिवशीच्या बैलाचा दाखला बघतात. दुसऱ्या दिवशीच्या बैलाविषयी त्या गप्प आहेत. कुत्र्यांच्या बाबतीत तर ती दुरुस्तीही नाही. तिच्यातली सवलत बैलांपुरती आहे. तरीही कुत्रे पळतात, बक्षिसं लागतात, मंडपात सत्कार होतात, आणि कुत्रा पडला की तो ‘ज्याचा त्याचा’ होतो. जात टिकवल्याचं श्रेय जत्रेच्या समितीचं आणि फेफरं मालकाचं, ही वाटणी कुठली? कारवानीला, म्हणजे मुधोळच्या कुत्र्याला, २००५ साली टपाल तिकिटावर जागा मिळाली, २०२० साली पंतप्रधानांच्या भाषणात उल्लेख मिळाला. गौरव झाला तो धावणाऱ्या कुत्र्याचा.

कुत्र्याला वाऱ्यावर सोडलं तर १९६० च्या त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. जत्रेत एका पैजेवर याच्या कितीतरी पट लागतात. ज्या समितीला कुत्रा पळवायचा आहे तिनं आधी त्याचा लसीचा कागद, मालकाचं नाव आणि तो पळेनासा झाल्यावर कोणत्या घरात राहणार त्या घराचा पत्ता एका वहीत लिहून घ्यावा, आणि ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी. एवढी वही ठेवायला जी समिती तयार नसेल तिच्या जत्रेत पळणाऱ्या कुत्र्याचं पुढे काय झालं, या प्रश्नाचं उत्तर तिला आजच माहीत आहे.